गांडुळास पारपत्र कोण देणार?

सावरगावचा एक तरुण बागाईतदार गेल्या पंधरवड्यात आमच्या कचेरीत आला आणि खिशातून एक चकचकीत कागद काढून त्याने आमच्या मेजावर ठेवला. कागदावर एक भले मोठे जहाज होते, जहाजावर पेट्यांची उतरंड होती आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन होते की, गांडूळखताला परदेशात सोन्याचा भाव आहे. शेतकऱ्याने फक्त चाळीस बेड आणि गांडुळांचे बियाणे रोख पैसे मोजून घ्यावे, पुढचे सारे खत आम्ही उचलू आणि दुबईला धाडू. तरुणाने विचारले, "भाऊ, हे खरं हाय का जी?" त्याच्या प्रश्नात लोभ नव्हता. संत्र्याने दोन हंगाम हात दिला नव्हता, गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय एवढेच धन उरले होते आणि बापाच्या नावावरील कर्जाला आणखी एक कर्ज जोडावे की जोडू नये, एवढाच त्याचा सवाल होता. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ते उत्तर त्यास एकट्याला देण्याऐवजी येथे चारचौघांत देणे आम्हांस उचित वाटते, कारण असा कागद एकाच खिशात राहत नसतो.

प्रथम कागदाच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलू. परदेशात या मालास गिऱ्हाईक नाही असे म्हणणे खोटे ठरेल. जून २०२२ मध्ये जयपूरहून कुवेतकडे १९२ टन शेण रवाना झाल्याचे वृत्त देशभरच्या पत्रांनी छापले होते; ते तिकडील खजुराच्या बागांसाठी होते. वाळूत बागा उभ्या करणाऱ्या आखाती देशांना सेंद्रिय द्रव्याची भूक आहे आणि ती भागविण्यास त्यांच्या भूमीत काही नाही. युरोपात कुंड्यांसाठी आणि काचघरांसाठी पिढ्यान्पिढ्या दलदलीतील पीट खणून वापरीत आले. आता ती दलदल राखली पाहिजे, ती खणली तर हवेतील कर्बवायू वाढतो, असे तेथील सरकारांना उमगले आहे आणि पीटऐवजी दुसरे काय, याचा शोध चालू आहे. त्या शोधाचा लाभ आपल्याच देशातील एका मालाने उचलला. तामिळनाडूत पोल्लाचीच्या आसपास नारळाच्या काथ्याचा जो भुसा एके काळी रस्त्याकडेला ढिगांनी कुजत पडे, त्याच्या आज दाबून विटा होतात आणि भारताच्या काथ्याच्या निर्यातीत सर्वांत मोठा वाटा आता दोरखंडांचा वा पायपुसण्यांचा नसून या भुशाचा आहे. मग भुसा जातो तर खत का जाऊ नये?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेत नसून वजनकाट्यावर आहे. भुशाची वीट सुकी असते. ती गिऱ्हाइकाच्या दारी पाण्यात टाकली म्हणजे अनेक पट फुगते. गांडूळखताची गोष्ट नेमकी उलट. ते सुकले की मेले. केंद्र सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ पासून सेंद्रिय खतांचा समावेश झाला. त्यातील प्रमाणाप्रमाणे गांडूळखतात १५ ते २५ टक्के ओल असावयास हवी. वीस फुटी कंटेनरात सुमारे २५ टन माल बसतो असे धरले आणि ओल २० टक्के धरली, तर त्या पेटीतून पाच टन पाणीच समुद्रापार जाते. जहाजाचे भाडे पाण्यालाही तेवढेच पडते. त्याच आदेशाप्रमाणे नत्र किमान एक टक्का असावे. म्हणजे २५ टनांच्या पेटीत अडीचशे किलो नत्र, आणि एवढे नत्र युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या बारा पोत्यांत मावते! बारा पोत्यांचा ऐवज पाठविण्यासाठी सावरगावहून नागपूर, नागपूरच्या कोरड्या बंदरातून न्हावाशेवा आणि तेथून दर्यापार असा प्रवास कोणी शहाणा मनुष्य करील काय?

अर्थात गांडूळखत नत्रासाठी कोणी घेत नाही, हे आम्ही जाणतो. ते घ्यावयाचे त्यातील ह्यूमससाठी आणि त्याहून अधिक त्यातील जिवंत सूक्ष्म जिवाणूंसाठी. जाणता उत्पादक आपल्या खताची थोरवी सांगताना 'हे जिवंत खत आहे' असेच सांगतो. आणि येथेच खरी अडचण उभी राहते. परदेशच्या बंदरावरील अधिकाऱ्यास जिवंत असे काही नकोच आहे. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे शेणापासून केलेले खत आत यावयाचे तर ते ७० अंश सेल्सिअसला किमान ६० मिनिटे तापविलेले असावे, २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला जंतूचा लवलेश नसावा, आणि ते यादीत नोंदलेल्या देशातील नोंदलेल्या कारखान्यातूनच आलेले असावे. आता गांडुळाची प्रकृती पाहा. ताजे शेण गरम असते, म्हणून ते पंधरा दिवस थंड करून मगच बेडवर घालावे लागते. उष्णतामान पस्तिशीच्या पलीकडे गेले की गांडूळ मरू लागते. ज्या मालाचा सारा जन्मच थंडाव्यात आणि सावलीत झाला, त्यास शेवटी भट्टीत घालून जाळावे, त्यातील उपयुक्त जिवाणूंपैकी बहुतेकांना मूठमाती द्यावी आणि मग त्याच्या पोत्यावर 'जिवंत खत' असे छापावे, हा व्यवहार आम्हांस तरी कळत नाही. आखाती देशांची दारे काहीशी रुंद आहेत. परंतु तेथेही मालाची नोंदणी हवी, तणांचे बी नसल्याची हमी हवी, क्षाराचे प्रमाण बेताचे हवे. ऑस्ट्रेलियाचे तर बोलूच नका. माती आणि शेणजन्य माल ही तेथे जवळजवळ चोरटी वस्तू आहे. आगाऊ परवान्याशिवाय ती किनाऱ्यास लागूच शकत नाही.

यात परक्यांचा केवळ कांगावा आहे असेही आम्ही म्हणणार नाही. आपल्या गुरांत लाळ्या-खुरकूत अजून ठाण मांडून आहे. ज्या देशाने तो रोग हद्दपार केला, तो रोगट देशाचे शेण आपल्या कुरणांत का येऊ देईल? केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून या रोगाविरुद्ध देशव्यापी लसीकरणाची मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत रोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठरविले. ती मोहीम गोठ्यागोठ्यांत किती पोचली, हा प्रश्न दुधाचा आहे तसाच तो खताचाही आहे. सावरगावच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आणि दंडावर लसीची खूण नसेल, तर तिच्या शेणाला पारपत्र मिळणार नाही, हे जहाजाचे चित्र छापणाऱ्याने कोठे छापले आहे?

आणि कागदपत्रांचे अरण्य निराळेच. पहिले दार सोपे आहे हे मान्य करू. निर्यातदाराचा संकेतांक पाचशे रुपयांत घरबसल्या मिळतो. बहुधा यामुळेच 'निर्यातीचा परवाना काढून देतो' असे सांगून हजारो रुपये उकळणाऱ्यांचे फावते. परंतु तो संकेतांक म्हणजे फक्त दारावरची पाटी. पुढे वनस्पती संगरोधाचा दाखला, मालात प्राणिजन्य द्रव्य असल्याने पशुसंगरोधाचा दाखला, जड धातूंची तपासणी, जंतूंची तपासणी. कॅडमियम किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आत, शिसे शंभराच्या आत, आणि हे प्रत्येक खेपेस नव्याने सिद्ध करावयाचे. तपासणीचा खर्च पंचवीस टनांवर पडला तर सोसतो; पंचवीस पोत्यांवर पडला तर पोतीच संपतात. लहान उत्पादकाचा घात कोणताही एक नियम करीत नाही. मोठ्यास आणि लहानास सारख्याच आकाराचे शुल्क लावणारी व्यवस्था तो करते.

दुबई दूरच राहो, वरूड पाहा. सावरगावच्या बागाईतदाराचे खरे गिऱ्हाईक वरूड, नरखेड आणि काटोल येथील संत्राबागांत बसले आहे. माती तीच, झाड तेच, बोली तीच आणि अंतर दुपारच्या जेवणाआधी जाऊन येण्याइतके. परंतु खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पोत्यात भरून, नाव छापून खत विकावयाचे तर ज्या राज्यात विकावयाचे त्या राज्याच्या कृषी खात्याचे अधिकारपत्र लागते. भोपाळच्या छत्राखाली उत्पादनाचा दाखला काढावा आणि विक्रीसाठी पुन्हा महाराष्ट्राच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत! १ नोव्हेंबर १९५६ रोजी नकाशावर जी रेघ पडली, तिचे राजकारण आम्ही आज येथे काढीत नाही. फक्त एवढेच विचारतो की, पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला जी 'निर्यात' वीस-पंचवीस मैलांवर करता येत नाही, ती समुद्रापार करता येईल असे त्यास कोणत्या तोंडाने सांगितले जाते?

आता त्या कागदाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू, कारण खरे विष तेथे आहे. 'बियाणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ.' गांडूळ हा प्राणी चांगले खाद्य मिळाल्यास दोन-तीन महिन्यांत आपली संख्या दुप्पट करतो. जी वस्तू विकत घेणाराच्या घरी आपोआप दुप्पट होते, तिचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कशाला येईल? म्हणून अशा धंद्यात जुन्यांचा माल परत घेण्यास लागणारा पैसा नव्या येणाऱ्यांकडून काढावा लागतो, आणि नवे येईनासे झाले की इमला कोसळतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात नेमके हेच घडले. परत खरेदीच्या करारावर अनेक राज्यांतील शेतकऱ्यांना गांडुळे विकणारा तेथील एक मोठा व्यवसाय २००३ साली बुडाला आणि शेतकऱ्यांच्या हाती वळवळणारे भांडवल तेवढे उरले. एवढे लांब तरी कशाला जावे? २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण उजेडात आले तेव्हा परत खरेदीच्या वचनावर विसंबलेल्या कुटुंबांच्या अंगणात काय उरले होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. कोंबडी निदान कापून खाता येते. गांडुळाची तीही सोय नाही.

जिवंत गांडुळे परदेशी पाठवू, असेही एक टुमणे अधूनमधून ऐकू येते. आपल्या बेडवर जे तांबडे गांडूळ सर्रास वापरतात ते आयसेनिया फेटिडा, ते मूळचे युरोपचे. दुसरे युड्रिलस, ते पश्चिम आफ्रिकेचे. ते त्यांनाच विकण्याचा बेत म्हणजे नागपूरकरांस संत्र्यांची करंडी भेट पाठविणे होय.

सावरगावच्या त्या तरुणाचा हिशेब आम्ही त्याच्यासमोरच मांडला. तीन जनावरांचे शेण रोज सरासरी तीस-पस्तीस किलो, वर्षाकाठी बारा टनांच्या आसपास. त्यात कुटार, पालापाचोळा मिळून आणखी चार टन. सोळा टन कच्चा माल कुजून, खाऊन, चाळून निम्म्यावर येतो. खत आठ टन. म्हणजे एक कंटेनर भरावयास त्यास एकट्याला तीन वर्षे लागतील. आणि कागदावरचे चाळीस बेड? बारा फूट लांब, चार फूट रुंद अशा एका बेडमध्ये एक ते दीड टन माल बसतो. चाळीस बेड एकदा भरावयास चाळीस टनांहून अधिक लागेल, आणि वर्षातून असे चार हप्ते. शेण आणावयाचे कोठून? पोळ्याला ज्या गावात बैलांची रांग वेशीपासून लांबवर लागे, तेथे आता ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला हळदकुंकू लागते. बैल गेले तसे शेणही गेले. चाळीस बेड विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मानावयास आम्ही तयार नाही.

आमचा मुख्य आक्षेप येथपासून सुरू होतो. समजा, सर्व दाखले मिळाले, सर्व दारे उघडली आणि खत खरोखरच जहाजावर चढले, तरी ते चढावे काय? संत्र्याच्या झाडाला दहा किलो गांडूळखत धरले तर एका कंटेनरात अडीच हजार झाडांचे अन्न जाते. सहा बाय सहा मीटरच्या लागवडीने हेक्टरी २७७ झाडे या मापाने ती नऊ हेक्टर बाग झाली. आणि आमच्या बागांची आजची स्थिती काय आहे? डिंक्याने खोडे पाझरत आहेत, जमिनीतील सेंद्रिय कर्ब ओसरला आहे, आंबिया बहाराची फळे गळून बुंध्याशी सडा पडतो. ज्या घरात मूल उपाशी आहे त्या घरचे दूध बाजारात पाठविण्यापैकीच हा प्रकार! डॉ. व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली हिंदुस्थानची शेती पाहावयास आले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी परक्या सरकारलाही बजावले होते की, हाडे आणि तेलबिया यांच्या निर्यातीबरोबर या देशाच्या जमिनीचा कस बाहेर चालला आहे. ते इंग्रजास दिसले. आम्हांस दिसू नये?

कोणी म्हणेल की, हे लोक सुधारणेचे वैरी आहेत. तसे मुळीच नाही. खत कुजविण्याची विद्या आमच्याच प्रदेशाने जगास दिली. याच मध्य प्रदेशातील इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी जी कंपोस्टची पद्धत बसविली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली, आणि १९३१ सालच्या तिच्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने नाव आहे ते यशवंत वाड यांचे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यातील जी रीत रूढ केली ती त्यांच्याच आद्याक्षरांनी 'नाडेप' म्हणून खेड्यापाड्यांत पोचली. पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गांडूळ-तंत्रासाठी आयुष्य वेचले. या माणसांनी निर्यात केली ती विद्येची. खत त्यांनी ज्याच्या त्याच्या शेतातच ठेवले.

जावयाचेच असेल तर त्या खताने फळाच्या रूपाने जावे. हाही मार्ग फुलांनी अंथरलेला नाही. बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरील आयात शुल्क २०१९ पासून चढवीत नेऊन २०२३ पर्यंत किलोमागे वीस रुपयांवरून अठ्ठ्याऐंशी रुपयांवर नेले, तेव्हा बागा कशा रडल्या हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या डिसेंबरात निम्म्या शुल्काइतके अनुदान जाहीर केले. आमच्या बागा त्या शासनाच्या हद्दीत नाहीत. सेंद्रिय प्रमाणपत्राचेही दिवस वाईट आहेत. २०२० मध्ये सेंद्रिय कापसाच्या खोट्या दाखल्यांचा मोठा घोटाळा उघड झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने 'अपेडा'च्या देखरेखीखालील भारतीय प्रमाणीकरणास दिलेली मान्यता काढून घेतली. चार लबाडांनी कागद खोटे केले आणि शिक्षा प्रामाणिक शेतकऱ्यास झाली. देशातील सर्वांत मोठे प्रमाणित सेंद्रिय क्षेत्र मध्य प्रदेशाचे म्हणवले जाते. तेव्हा ही पत परत मिळविण्याचा भार भोपाळवर सर्वांत अधिक आहे. तरीही किलोभर फळास जो भाव येतो तो किलोभर खतास कधीच येणार नाही. गांडुळाची मेहनत संत्र्याच्या सालीआडून गेली तर तिला ना भट्टी लागते ना लाळ्या-खुरकुताचा दाखला.

ज्यांच्याकडे खरोखर शिल्लक खत आहे त्यांनी काय करावे? एकट्याने काही करू नये. वर्षाला पाच टन शिल्लक टाकणारे साठ उत्पादक एकत्र आले तर महिन्याला एक पेटी भरते. मग आखाती खरेदीदाराशी बोलावयास तोंड येते, नमुना एकच राहतो, तपासणीचा खर्च साठांत वाटला जातो. त्यासाठी शेतकरी उत्पादक संस्थांची योजना केंद्राने २०२० पासून चालविली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जी दोन गावे जामच्या पात्रात हातात गोटे घेऊन समोरासमोर उभी राहतात, त्यांनी चाळणी आणि वजनकाटा तरी एक घ्यावा!

सरकारकडे मागणे आहे ते मेहेरबानीचे नव्हे. जून २०२३ मध्ये केंद्राने सेंद्रिय खतास टनामागे १५०० रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर केले. ते गोबरधन योजनेतील बायोगॅस कारखान्यांतून निघणाऱ्या खतासाठी. कोट्यवधींच्या टाक्या उभारणाऱ्यास टनामागे दीड हजार, आणि गोठ्यामागे सावली करून तेच शेण गांडुळांकडून कुजविणाऱ्या बाईस काही नाही, हा भेद कोणत्या न्यायात बसतो? ते साहाय्य प्रमाणात उतरणाऱ्या प्रत्येक टनास मिळावे. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी पाट्या रंगविण्याबरोबर खत तपासणीची प्रयोगशाळाही उभी राहावी, म्हणजे नमुना घेऊन कोणास गाडीत बसावे लागणार नाही. आणि एका राज्याने तपासून मान्य केलेले गांडूळखत शेजारच्या राज्यात पुन्हा परवान्याविना विकता यावे, एवढी दुरुस्ती खत नियंत्रण आदेशात करावयास दिल्लीस एक दिवसही लागू नये.

तो चकचकीत कागद तरुणाने परत नेला नाही. तो आमच्याच मेजावर आहे. त्याच्या कोऱ्या पाठीवर आम्ही दोघांनी मिळून मांडलेला हिशेब असा: झाडे तीनशे, झाडामागे दहा किलो, खत तीन टन, बेड चाळीस नव्हे, चार, गांडुळे विकत घ्यावयाची नाहीत, मामाच्या गोठ्यातून दोन टोपल्या आणावयाच्या. उरलेल्या पाच टनांना गिऱ्हाईक शोधावयास तो येत्या बाजारी नरखेडास जाणार आहे, सुट्या ढिगाचे, बिनछापील पोत्यांतले.